चाचणी एकाची, माहिती घरादाराची

अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून मुलं सुट्टीला घरी येतात तेव्हा त्यांच्या बॅगेत हल्ली कधी कधी एक छोटा खोका असतो. त्यात प्लास्टिकची नळी असते. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची, झाकण घट्ट लावायचं, नळी हलवायची आणि पाकिटात बंद करायची. ऐंशीच्या घरातल्या आजींना एवढी लाळ जमवायला वेळ लागतो. सगळे भोवती बसून त्यांना धीर देतात. तोवर नातू लॅपटॉपवर त्यांच्या नावाचं खातं उघडतो. ईमेल त्याचा, पासवर्डही त्याचाच. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. तुमची माहिती संशोधनासाठी वापरू द्याल का? उरलेला नमुना प्रयोगशाळेत जपून ठेवायचा का? जुळणाऱ्या नातेवाइकांना तुमचं नाव दिसू द्यायचं का? नातू भराभर ‘मान्य’च्या चौकटीत खुणा करत जातो. यातला एकही प्रश्न आजींच्या कानावर पडत नाही.

मला बोलायचं आहे ते या खुणांबद्दल.

मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम पाहते. वंशावळीची मला मनापासून ओढ आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या हातची नोंद सापडली की काय वाटतं, ते ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला हेळवी दारात येऊन पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सांगतात, तेही मी ऐकलं आहे. या कामात आता डीएनए चाचणी आली आहे आणि तिला माझा विरोध नाही. कागद जिथे संपतात तिथून पुढे ती कधी कधी वाट दाखवते. पण वहीत आपण पणजोबांनी सांगितलं तेवढंच वाचतो. नळीतून मात्र खोलीत हजर नसलेल्यांची, ज्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही अशांचीही माहिती बाहेर पडते. म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते : चाचणी करण्याआधी घरात विचारा, आणि निकाल हाती आला की तो आपल्या एकट्याचा आहे असं समजून वागू नका.

आपला डीएनए निम्मा आईकडून आणि निम्मा वडिलांकडून येतो. सख्ख्या भावंडांचा एकमेकांशी सरासरी निम्मा जुळतो. चुलत, आते, मामे, मावस भावंडांचा साधारण साडेबारा टक्के जुळतो. खापरपणजोबा एक असलेल्या दोन माणसांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली जातं, तरी बहुतेक वेळा ते नातं पकडता येतं. म्हणजे नळीत लाळ तुमची असली, तरी तुमच्या बहिणीबद्दल, तिच्या मुलांबद्दल, ज्यांच्याशी गेली वीस वर्षं बोलणं नाही त्या चुलत्यांबद्दलही काही ना काही त्या प्रयोगशाळेत पोचलेलं असतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. तिथे 1970 आणि 80 च्या दशकांत खून आणि बलात्कारांची मालिका करणारा जोसेफ डीअँजेलो हा माजी पोलीस 2018 च्या एप्रिलमध्ये पकडला गेला. त्याने स्वतः कुठल्याही वंशावळ-कंपनीला नमुना दिलेला नव्हता. गुन्ह्याच्या तपासात जपून ठेवलेल्या डीएनएची माहिती तपासकांनी जीईडीमॅचसारख्या खुल्या साठ्यात टाकली. त्याचे दूरचे नातेवाईक तिथे सापडले. त्यांच्या वंशावळी जोडत जोडत पोलीस त्याच्या दारात पोचले. असा गुन्हेगार गजाआड गेला हे उत्तमच झालं. पण आपले नमुने या कामी वापरले जातील, हे त्या नातेवाइकांपैकी कुणाला ठाऊक होतं? त्याच वर्षी यानिव्ह एर्लिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हिशेब मांडला. सुमारे 12.8 लाख लोकांच्या साठ्यात युरोपीय वंशाच्या माणसाचा नमुना शोधला, तर दर शंभरांतल्या साठ जणांना खापरपणजोबा एक असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडतो. आपली माणसं या साठ्यांत अजून थोडी आहेत, त्यामुळे आज हा आकडा आपल्याला लागू होत नाही. पण दर सुट्टीला ती वाढताहेत. एकदा साठ्यात गेलेली माहिती पुढे कुठल्या कामाला लागेल, हे ती देणाऱ्याच्या हातात उरत नाही.

कंपन्यांच्या हातातही ती किती सुरक्षित असते, ते ‘ट्वेंटीथ्री अँड मी’च्या बाबतीत सगळ्या जगाने पाहिलं. 2006 साली सुरू झालेली ही कंपनी या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिथली चोरी उघडकीला आली. चोरांनी दुसरीकडे फुटलेले पासवर्ड इथे लावून पाहिले आणि सुमारे 14,000 खाती उघडली. पण या खातेदारांनी ‘नातेवाईक शोधा’ ही सोय चालू ठेवली होती, त्यामुळे त्यांच्या खात्यांतून जुळणाऱ्या लोकांचीही माहिती दिसत होती. असं करत करत जवळपास 69 लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली. त्या 69 लाखांतल्या बहुतेकांनी आपला पासवर्ड नीट सांभाळला असेल. निष्काळजी होता तो त्यांचा कुणीतरी नातेवाईक. आणि चोरांनी काय केलं? ज्यू वंशाच्या आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या काढून विकायला ठेवल्या. ज्या समाजात जातीवरून आणि धर्मावरून माणसं निवडून काढणं नवीन नाही, त्या समाजातल्या वाचकांना यातला धोका वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे 2025 च्या मार्चमध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दीड कोटी ग्राहकांची माहिती विकाऊ मालमत्तेत मोजली गेली. ग्राहकांनी आपली माहिती आणि नमुने नष्ट करून घेण्याचा विचार करावा, असा जाहीर सल्ला कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी दिला. एका औषध कंपनीने 25.6 कोटी डॉलरची बोली लावली. शेवटी कंपनीच्या संस्थापिका अ‍ॅन वोजिकी यांच्याच ना-नफा संस्थेने 30.5 कोटी डॉलरला ती घेतली. माहिती तुमची असली तरी ती कुणाकडे जाणार हे तुम्ही ठरवलं नाही, ते लिलावात ठरलं.

मालकी कुणाची, असा प्रश्न कोर्टात नेला तरी सरळ उत्तर मिळत नाही. जॉन मूर या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या प्लीहेतल्या पेशींपासून डॉक्टरांनी पेटंट मिळवलं. 1990 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की डॉक्टरांनी त्याला आधी सांगायला हवं होतं, पण शरीराबाहेर गेलेल्या त्या पेशींवर त्याची मालकी राहत नाही. हेन्रिएटा लॅक्स यांच्या घरच्यांचं दुःख आणखी मोठं आहे. 1951 साली त्यांच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या, आणि घरच्यांना कित्येक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. 2013 मध्ये या पेशींचा पूर्ण जनुकीय आराखडा काही संशोधकांनी छापला, तेव्हाही मुलानातवंडांना विचारलं नाही. लॅक्स जाऊन साठ वर्षं झाली होती, पण त्या आराखड्यात त्यांच्या जिवंत वंशजांचंही बरंच काही होतं. घरच्यांनी आवाज उठवला. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांच्याशी करार केला आणि ही माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत त्यांच्या कुटुंबातल्या दोघांना घेतलं. मला यात न्याय दिसतो. मेलेल्या माणसाची माहितीही वाऱ्यावर सोडायची नसते. जे मागे राहिले त्यांना विचारायचं असतं.

आपल्याकडे 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. कंपनीकडची आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. आपल्या मृत्यूनंतर हे हक्क कुणी बजावायचे, ते नेमून ठेवण्याची सोयही आहे. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. घरगुती, वैयक्तिक कामासाठी एखाद्याने माहिती वापरली तर हा कायदा तिथे लागूच होत नाही. म्हणजे पुतण्याने काकांचा अहवाल आपल्या लॅपटॉपवर ठेवला, भावाभावांत फिरवला, तर काकांना या कायद्याचा आधार नाही. घरातला कायदा घरातल्यांनीच पाळायचा आहे.

आणि घरातलाच प्रश्न सगळ्यात नाजूक असतो. समजा, निकाल आला आणि तुमच्या यादीत एक अनोळखी नाव 25 टक्के जुळलेलं दिसलं. इतकं जुळणं आजोबा-नातवात असतं, काका-पुतण्यात असतं, आणि एका बापाच्या पण दोन आयांच्या भावंडांतही असतं. नुसत्या आकड्यावरून यातलं कुठलं, हे सांगता येत नाही. त्यातून आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. अशा घराण्यांत दोन माणसं दोन-तीन बाजूंनी एकमेकांची लागतात, आणि ती आहेत त्याहून जवळची भासतात. तेव्हा त्या पहिल्या संध्याकाळी कुणालाही फोन करू नका. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर अजिबात टाकू नका. जाणकाराला दाखवा. आणि गोष्ट खरीच निघाली, तर ती ज्याच्या आयुष्याला सगळ्यात जास्त लागते त्याच्याशी आधी, एकांतात बोला. पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या बाईवर काय प्रसंग आला असेल, मूल होत नाही म्हणून एखाद्या जोडप्याने गुपचूप कुठला निर्णय घेतला असेल, डॉक्टरांनी दात्याचं नाव गुप्त ठेवण्याचा कुठला शब्द दिला असेल, हे आकड्यांच्या त्या यादीत लिहिलेलं नसतं. उजेडात आणायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. ज्या मुलाला आपला बाप दुसरा आहे हे कळलं, त्याचाही हक्क मी कमी मानत नाही. स्वतःबद्दलचं सत्य त्याला हवं असेल तर ते त्याला मिळालंच पाहिजे. पण ते त्याला घराण्याच्या संमेलनातल्या चर्चेतून कळता कामा नये.

पुण्यातल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी मागितली होती. कुटुंब न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. मोठ्यांच्या भांडणात मुलाचा डीएनए पुरावा म्हणून वापरायचा नाही, आपल्या जनुकीय माहितीवर मुलाचाही खाजगीपणाचा हक्क आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. प्रत्येक आईबापाने हे मनावर घ्यावं. मुलांची लाळ हौसेपोटी नळीत भरू नका. मूल आजारी असेल आणि डॉक्टरांना गरज असेल तर गोष्ट वेगळी. पण कुठल्या प्रांतातले आपण किती टक्के, हे कळण्याची घाई मुलाला नसते. अठरा वर्षांचं झालं की ते स्वतः ठरवेल.

आजाराची माहिती निघाली तर मात्र नुसतं गप्प राहून चालणार नाही. बीआरसीए या जनुकातला दोष एखाद्या बाईत सापडला, तर तिला स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, आणि तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि प्रत्येक मुलात तो दोष असण्याची शक्यता निम्मी असते. बहिणीला हे वेळेवर कळलं तर ती तपासण्या करून घेईल आणि कदाचित वाचेल. इंग्लंडमध्ये एका वडिलांना हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार निघाला. त्यांनी मुलीला सांगू दिलं नाही. मुलगी त्या वेळी गरोदर होती. पुढे तिलाही तोच आजार असल्याचं कळलं, तेव्हा ती न्यायालयात गेली. 2020 साली तिचा दावा फेटाळला गेला, पण रुग्णाची गुप्तता आणि मुलीचं हित हे दोन्ही तोलून पाहण्याचं कर्तव्य डॉक्टरांवर आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. न्यायालयात जाण्याची वेळ का यावी? अहवाल हातात येताच डॉक्टरांना किंवा जनुकीय समुपदेशकाला विचारा, की घरात कुणाकुणाला हे सांगणं गरजेचं आहे. तेवढ्यांना सांगा. ज्याला आपलं भविष्य जाणून घ्यायचं नाही, त्याच्यावर ते लादू नका. ‘घरात एक आनुवंशिक आजार निघाला आहे, तुला माहिती हवी असेल तर मी देईन’ एवढं एक वाक्य पुरतं.

विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे हा प्रश्न घराघरांत आला आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याला रक्ताचा असा कुठलाही आनुवंशिक दोष नसेल, तर मूल सिकलसेलने आजारी होत नाही. फार तर वाहक होतं. वाहक म्हणजे रोगी नव्हे. 2023 मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि तपासणी झालेल्यांना कार्ड मिळू लागलं. हे कार्ड लग्न ठरवणाऱ्या दोघांनी एकमेकांना दाखवण्यासाठी आहे. पण त्याच कार्डावरून वाहक मुलीचं नाव गावभर होतं आणि तिला स्थळं येईनाशी होतात. मुलगा वाहक असला तर मात्र कुणी बोलत नाही. हा अन्याय आहे. तपासणी जरूर करा, दोघांनी एकमेकांपासून लपवू नका, पण तिसऱ्याच्या कानावर घालू नका. मध्यस्थाला बायोडेटाबरोबर कुणाचं कार्ड देऊ नका.

विम्याबद्दल थोडक्यात सांगते. अमेरिकेत 2008 च्या कायद्याने जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा आणि नोकरी नाकारायला बंदी केली, पण आयुर्विम्याला तो कायदा लागू नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ‘आनुवंशिक आजार’ या सरसकट सबबीवर विमा नाकारणं भेदभावाचं ठरवलं, पण तेवढ्यावर विसंबू नका. विम्याच्या अर्जात जे विचारलं असेल त्याचं खोटं उत्तर कधीही देऊ नका. आरोग्याची चाचणी करायची असेल तर घरच्या विम्याचा विचार आधी करा आणि मग नळी उघडा.

आता कुलवृत्तांताचं काम करणाऱ्या माझ्या बांधवांना आणि भगिनींना दोन शब्द. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र पिढ्यान्‌पिढ्या जवळपास जसंच्या तसं उतरतं, त्यामुळे एका पुरुषाची चाचणी त्या शाखेतल्या सगळ्या पुरुषांबद्दल बोलते. एकाच्या संमतीवर ती छापू नका. शाखेतल्या हयात माणसांना पत्र पाठवा, विचारा, आणि नको म्हणणाऱ्याचा मान राखा. वाय गुणसूत्राच्या गटावरून आपण मूळचे कुठले, किती उच्च, असे निष्कर्ष काढून पुस्तकात छापणं तर थांबलंच पाहिजे. हे गट हजारो वर्षं जुने आहेत आणि निरनिराळ्या जातीजमातींत पसरलेले आहेत. चाचणी जात सांगत नाही, गोत्र सांगत नाही. कंपनीने दिलेली टक्केवारीही तिच्याकडे ज्यांचे नमुने आहेत त्यांच्याशी केलेली तुलना असते. नमुने वाढले की तीच टक्केवारी बदलते. आईकडून येणाऱ्या डीएनएचीही चाचणी होते, आणि आपल्या कुलवृत्तांतांत बायकांच्या माहेरची बाजू एका ओळीत गुंडाळली जाते हे लक्षात घेता, तिच्याकडे कुणी वळत नाही याचं मला वाईट वाटतं. आधी निदान पणज्यांची माहेरची नावं तरी नीट लिहूया. त्यासाठी कुणाच्या लाळेची गरज नाही.

ज्यांच्या घरात ही खाती आधीच उघडलेली आहेत, त्यांनी या आठवड्यात वेळ काढून ती उघडून बघावीत. पासवर्ड बदला, दुसरीकडे वापरलेला ठेवू नका, आणि मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या संकेताची सोय चालू करा. नातेवाइकांना दिसण्याची सोय चालू आहे का, संशोधनाची संमती कुणी दिली, नमुना अजून प्रयोगशाळेत आहे का, हे तपासा. खातं बंद करणं आणि नमुना नष्ट करायला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, दोन्ही करा. पार पडलेल्या संशोधनात गेलेली माहिती परत येत नाही, हेही आधीच समजून असा. डीएनएची मूळ फाइल उतरवून घेतली असेल तर ती ईमेलने कुणाला पाठवू नका, आणि फुकटात आणखी काही सांगतो म्हणणाऱ्या संकेतस्थळावर चढवू नका.

आणि ज्यांनी आजी-आजोबांच्या नावाचं खातं आपल्या ईमेलवर उघडलं आहे, त्यांनी ते त्यांना मराठीत, सावकाश, एकेक प्रश्न वाचून दाखवावं. कुठल्या चौकटीत खूण ठेवायची, कुठली काढायची, आणि आपल्यामागे हे खातं ठेवायचं की मिटवायचं, हे त्यांच्याच तोंडून ऐकून कागदावर लिहून घ्यावं. हे काम त्यांच्या हयातीतच करावं लागेल.